‘स्वराज्य’, ‘स्वातंत्र्य’ आणि ‘जन्मसिद्ध हक्क’

नौपाड्यातून एका वाचकाने विचारलंय: ‘मुलीने १५ ऑगस्टच्या भाषणात “स्वातंत्र्य हा माझा जन्मसिद्ध हक्क” असं लिहिलं, बाईंनी ते खोडून “स्वराज्य” केलं. अर्थ एकच ना?’

नाही, बाईंचं बरोबर आहे. टिळकांच्या मूळ वाक्यात ‘स्वराज्य’च आहे. ‘स्वराज्य’ हा मराठेशाहीच्या दप्तरातला शब्द. मोगलाई वेगळी, स्वराज्य वेगळं. मोगल बादशहाच्या १७१९ च्या सनदांत चौथाई-सरदेशमुखी या महसुली हक्कांच्या जोडीला स्वराज्यही आहे, म्हणजे शिवाजी महाराजांच्या वेळचा मुलूख. राज्य कुणाचं, एवढाच त्यात प्रश्न. ‘स्वातंत्र्य’ आधी माणसाचं. मनुस्मृतीतलं ‘न स्त्री स्वातंत्र्यमर्हति’ आठवा, तिथे राज्याचा संबंधच नाही. इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल वाचलेले आगरकर १८८८ पासून ‘सुधारका’त ज्यासाठी भांडले ते हेच, घरात आणि जातीतही हवं असलेलं स्वातंत्र्य. पुढे इटलीचा देशभक्त मॅझिनी वाचणाऱ्या क्रांतिकारकांनी ते राष्ट्राला लावलं. तुमच्या ठाण्याच्या जेलात १९ एप्रिल १९१० ला फाशी गेलेले कान्हेरे, कर्वे, देशपांडे त्यांतलेच.

पण त्या वाक्यातला खरा दारूगोळा ‘जन्मसिद्ध हक्क’ या जोडीत आहे. जुन्या कागदांत पाटलाचा हक्क असतो, देशमुखाचा असतो, बलुतेदाराचा असतो. तो वतनाबरोबर, म्हणजे पिढीजात कामाबरोबर यायचा, तंटा झाला की सनद काढून दाखवावी लागायची आणि सरकारची मर्जी फिरली की वतन जप्त. वतनही जन्मानेच मिळे म्हणा, पण अमक्याच घरात जन्मलात तर. टिळकांच्या वाक्यात नुसतं जन्माला येणं पुरतं. सनद देणाराच बाजूला पडला!

हा विचार इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकचा, १६८९ मधला. १७७६ च्या अमेरिकन जाहीरनाम्यात तो आला. आपल्याकडे मानवी हक्कांवर लिहिणारा टॉमस पेन वाचलेल्या जोतीराव फुल्यांनी तो टिळकांच्या कितीतरी आधी मांडला होता: निर्मिकाने, म्हणजे निर्मात्याने, स्त्री-पुरुष सगळ्यांना जन्मतःच स्वतंत्र केलंय. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी गुलामांना मोकळं करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केली, ती उगाच नाही. टिळकांनी १९१६ च्या होमरूल चळवळीत हाच हक्क राज्यासाठी मागितला, तोही साम्राज्यात राहून. म्हणून तर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसला ‘पूर्ण’ हा शब्द स्वराज्याच्या आधी लावावा लागला.

तेव्हा टिळकांचं वाक्य ‘स्वराज्य’ म्हणूनच द्यावं. आणि भाषणात जागा असेल तर फुल्यांचा उल्लेख जरूर घालावा, बहुतेक भाषणांत तो राहून जातो.