जुना लॅपटॉप चालू होत नाही, दुकानदार मदरबोर्ड गेला म्हणतोय, काय करू?

तुम्ही लिहिलंय की गणपतीला १५ दिवस गावी होतात, घर बंद होतं, परत आल्यावर ११ वर्षं जुना लॅपटॉप चालू होईना. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा दोन-तीन सेकंद फिरतो आणि परत सगळं बंद. आणि दुकानदाराने मागचं झाकणही न उघडता मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेला म्हणून ७,५०० रुपये सांगितले. आत मंडळाचे सगळे जुने हिशोब आणि बाबांचे फोटो आहेत म्हणालात म्हणून आधी तेच सांगतो, मदरबोर्ड खरंच गेला असेल तरी तुमचे हिशोब आणि फोटो जात नाहीत. ते हार्ड डिस्कमध्ये असतात, ती वेगळी वस्तू आहे, दोन-चार स्क्रू काढले की हातात येते. दुकानात लॅपटॉप ठेवून आला असाल तर आजच घरी आणा आणि "फॉरमॅट मारून बघतो" असं कोणी म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा, कारण स्क्रीनवर काही येतच नाही तिथे फॉरमॅटचा काही संबंधच नाही.

माझ्या घरी अगदी हेच झालं होतं म्हणून एवढं लिहितोय. मी प्रभादेवीला राहतो, समुद्र जवळ, ऑगस्टमध्ये कपाटातले कपडेसुद्धा ओलसर लागतात. माझा २०१२ चा लॅपटॉप असाच महिनाभर बॅगेत पडून राहिला आणि मग नुसता पंखा फिरायचा, स्क्रीन काळी. मलाही मदरबोर्डच सांगितलं होतं. घरी येऊन मागचं झाकण उघडलं, रॅम (मेमरीची छोटी पट्टी) काढून खिडकीपाशी उजेडात धरली तर खालचे जे सोनेरी दात असतात त्यातल्या पाच-सहा दातांवर काळपट हिरवा थर चढलेला. मुलीच्या कंपासमधला पांढरा खोडरबर घेऊन हलक्या हाताने घासलं, रबर काळा झाला, दात परत चमकले, रॅम लावली आणि लॅपटॉप चालू. तुमचंही याच कारणाने झालं असेल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण मुंबईच्या पावसाळ्यात पडून राहिलेल्या मशीनमध्ये हे खूप वेळा निघतं, आणि बघायला पैसे लागत नाहीत.

आता करायचं काय ते. चार्जर काढा, खालच्या दोन खटक्या सरकवून बॅटरी काढा (तुमच्या काळातल्या बऱ्याच मॉडेलची बॅटरी अशीच बाहेरून निघते) आणि पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. आत साठलेला करंट निघून जातो. मग बॅटरी न लावता फक्त चार्जरवर चालू करून बघा. कधी कधी मेलेली बॅटरीच मशीनला चालू होऊ देत नाही. बॅटरी फुगलेली दिसली तर ती परत लावू नका, टोचू नका, दाबू नका, बाजूला ठेवा.

चार्जरच्या डब्यावरचा दिवा लागतो म्हणून चार्जर चांगला असं धरू नका, डब्यापासून पिनेपर्यंतची वायर आतून तुटली असली तरी तो दिवा लागतोच. शेजाऱ्यांकडे त्याच कंपनीचा, त्याच पिनेचा चार्जर असेल तर लावून बघा. मागच्या लेबलवर आउटपुट लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ १९.५ व्होल्ट ३.३४ अँपिअर म्हणजे ६५ वॉटचा. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर जास्त असले तर चालतात, कमी नकोत. आणि एक बघा, पिन लॅपटॉपला लावल्याबरोबर चार्जरचा दिवाच विझत असेल तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, मग घरी फार खटपट करण्यात अर्थ नाही.

शॉर्ट नसेल तर रॅम. चार्जर-बॅटरी काढलेलीच असू दे, आधी नळाला किंवा कुठल्या तरी धातूला हात लावा, मग झाकण उघडा. रॅमच्या दोन्ही बाजूंच्या चिमट्या हळूच बाहेर ढकलल्या की पट्टी तिरकी वर उचलली जाते. दातांना बोटं लावू नका, कडेने धरा. खोडरबराने घासा, ब्रशने कचरा झाडा, खाचेतही ब्रश फिरवा. लावताना तिरकी आत खोल सारायची आणि मग खाली दाबायची, दोन्ही चिमट्या टक् करून बसल्या पाहिजेत, अर्धवट बसली तर परत तेच होणार. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून, जागा बदलून बघा.

आत हात घातलाच आहे तर हार्ड डिस्कही काढून ठेवा, क्वचित बिघडलेली डिस्कसुद्धा मशीन अडवते. आणि तारीख-वेळ सांभाळणारा नाण्याएवढा सेल दिसेल, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. काही लॅपटॉपमध्ये तो काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आणि दोन वायरींचा असतो. पाच मिनिटं काढून परत लावा. चालू झाल्यावर तारीख-वेळ आधी नीट करा, नाहीतर तारीख चुकीची म्हणून इंटरनेटवर वेबसाइट उघडत नाहीत आणि माणूस वायफायला दोष देत बसतो.

मशीन चालू राहतंय पण स्क्रीन काळी असं झालं तर अंधारात मोबाईलचा टॉर्च तिरका मारा. पुसट अक्षरं दिसली तर फक्त स्क्रीनमागची लाईट गेलीय, टीव्हीला वायर जोडून काम होऊन जाईल. आतली ओल सुकवायला हेअर ड्रायर मारू नका आणि तांदळात तर अजिबात ठेवू नका. झाकण उघडं ठेवून दोन दिवस साध्या पंख्याखाली ठेवलं तरी पुरतं.

फोटो-हिशोब लगेच हवे असतील तर अडीच इंची साटा (जोडणीचा प्रकार) डिस्कची यूएसबी केसिंग, म्हणजे डिस्क घालून यूएसबीने जोडायची डबी, घ्या, ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडला सहज मिळते, रविवारी जाऊ नका, बरीच दुकानं बंद असतात. डिस्क त्यात घालून दुसऱ्या कुठल्याही कॉम्प्युटरला लावली की फोल्डर दिसतात, आधी ते सगळं दुसरीकडे कॉपी करा, बाकी नंतर. फक्त डिस्क टकटक आवाज करत असेल तर लगेच काढा आणि परत परत लावून बघू नका, ते डेटा रिकव्हरीवाल्याचं काम.

एवढं करूनही नाहीच झालं तर चिपलेव्हल काम करणाऱ्याकडे (बोर्डवरचे छोटे पार्ट दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या, पूर्ण बोर्ड बदलण्याआधी नक्की कुठला पार्ट गेलाय ते त्याला विचारा, आणि डिस्क घरी ठेवून जा, दुरुस्तीला ती लागत नाही.

आणि मदरबोर्ड खरंच गेलाय का याची एक साधी परीक्षा आहे. रॅम पूर्ण काढून, एकही पट्टी न लावता चालू करा. बीप आली किंवा कॅप्स लॉकचा दिवा मिचमिचला तर बोर्ड आणि प्रोसेसर निदान "रॅम नाही" एवढं सांगण्याइतके जिवंत आहेत. काहीच झालं नाही तर मात्र त्यावरून पक्कं काही ठरत नाही. बीप आली तर किती वेळा, लांब की छोटी, दिवा किती वेळा लागतो, हे मोजून मॉडेल नंबरसकट इथे खाली लिहा, प्रत्येक कंपनीचा अर्थ वेगळा असतो, मी बघून सांगतो.