टर्बोवर आळ घेण्याआधी: जुन्या पिकअपवाल्यांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमध्ये गावं वेगळी, माल वेगळा, पण तक्रारीचा शेवट एकच: ‘गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला.’ कधी खरंच गेलेला असतो. पुष्कळदा मात्र दोष शेजारच्या पाइपाचा असतो आणि बिल टर्बोच्या नावावर फाटतं.

प्रश्न (देवगड): आंब्याच्या पेट्या भरून फोंडा घाट चढताना माझी पिकअप ओढतच नाही, दुसऱ्या गिअरवर येते आणि मागे काळा धूर सोडते. रिकामी असताना सपाटीला काही त्रास नाही. टर्बो बदलू का?

इतक्यात नको. काळा धूर म्हणजे डिझेल जातंय, पण ते जाळायला हवा कमी पडतेय. ओढत नाही आणि धूरही नाही, अशी गाडी असती तर मी आधी डिझेल फिल्टर बघायला सांगितलं असतं. इंजिन रेस घेतंय पण गाडी पुढे सरकत नाही, असं असेल तर क्लच प्लेट. तुमचा रोग हवेच्या वाटेवर आहे.

टर्बोत एकाच दांड्यावर दोन पंखे असतात. एक इंजिनच्या गरम गॅसवर फिरतो, दुसरा त्या जोरावर हवा दाबून इंजिनात पाठवतो. लोड नसताना दाब फारसा तयारच होत नाही, म्हणून रिकामी गाडी सपाटीला बरी चालते. घाटात दाब चढला की फाटलेला होज, म्हणजे हवेचा रबरी पाइप, तोंड उघडतो. गॅरेजमध्ये उभ्या गाडीत तो शोधून सापडत नाही, कारण आयडलिंगला, म्हणजे रेस न देता, होज मिटलेला असतो.

म्हणून सगळ्यात आधी एअर फिल्टर काढून बघा आणि मग टर्बोपासून इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारी जाळी) आणि इंटरकूलरपासून मॅनिफोल्डपर्यंतचे (सिलिंडरांना हवा वाटून देणारा फाटा) रबरी होज हातात घेऊन दाबून, वाकवून बघा. खालची बाजू विसरू नका, चीर बहुधा तिथेच असते. तेल लागून रबर लिबलिबीत झालं असेल तर होज बदला. क्लिपा आपल्या खाऱ्या हवेत गंजतात, वरून घट्ट वाटतात आणि पाना लावला की तुटतात. तरीही काही दिसलं नाही तर टर्बोच्या हवा घेण्याच्या तोंडाला बूच बसवून, ट्यूबचा व्हॉल्व्ह लावून पंक्चरवाल्याकडून थोडी हवा भरून घ्या आणि सांध्यांवर साबणाचं पाणी सोडा. पंधरा पीएसआयच्या वर जाऊ नका. बूच उडालं तर तोंडावर येईल, समोर उभं राहू नका.

होज ठीक निघाले तर वेस्टगेटकडे वळा. जास्तीचा गॅस पंख्याला वळसा घालून सोडणारी ती झडप. तिचा दांडा गंजून उघडा अडकला की टर्बो चांगला असूनही दाब होत नाही. इंजिनचा गरम गॅस टर्बोकडे नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंगही तपासा. तिथून गॅस निसटला तर पंख्याला जोर कुठून मिळणार? काजळीचा काळा फटकारा दिसला की समजा.

एवढं सगळं अर्ध्या दिवसाचं काम आहे. हंगामात अर्धा दिवस जड जातो हे मान्य, पण नवा टर्बो लावून तीच गाडी तोच घाट तशीच चढली तर जास्त जड जाईल.

प्रश्न (हर्णै): मासळीची गाडी आहे. रेस दिली की शिट्टी वाजते. एका मेकॅनिकने दांडा आवळून दिला, गाडी पळायला लागली, पण आता होज सारखा निसटतो.

शिट्टीचं आधी सांगतो. टर्बोला थोडी शिट्टी असतेच. ती नव्याने मोठी झाली असेल तर हवा किंवा गॅस कुठून तरी निसटतोय. रुग्णवाहिकेच्या भोंग्यासारखी चढत जाणारी ओरड असेल तर मात्र पंखा घासतोय किंवा बेअरिंग सैल झालंय, तेव्हा गाडी चालवू नका.

आता तो दांडा. वेस्टगेटचा दांडा आवळला की झडप उशिरा उघडते आणि ठरल्यापेक्षा जास्त दाब तयार होतो. गाडी पळते ती याच्याच जिवावर. होज निसटतोय ही त्यातली स्वस्तातली खूण आहे. पुढची पायरी हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं पॅकिंग, फुटण्याची. दांडा पुन्हा कंपनीच्या मापावर आणून घ्या. गेज लावून ॲक्च्युएटरला, म्हणजे तो दांडा ढकलणाऱ्या डबीला, हळूहळू हवा दिली की ठरलेल्या दाबाला दांडा हलायला हवा आणि दाब टिकायला हवा. टिकत नसेल तर आतला पडदा फाटलाय.

तुमच्या गाडीला आणखी एक खोड असणार. बर्फ वितळून मासळीचं खारं पाणी हौद्यातून खाली गळतं. चेसिस, ब्रेकचे पाइप, सगळं त्यात भिजतं. खेप झाली की गोड्या पाण्याने खालून धुऊन घ्या, पण इंजिन तापलेलं असताना टर्बोवर पाण्याचा फवारा नको. लाल झालेलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड पाण्याने तडकू शकतं.

प्रश्न (राजापूर): चिरे वाहतो. टर्बो नवा बसवला आणि काही महिन्यांत तोही गेला. माल डुप्लिकेट होता का?

असेलही, पण पहिला टर्बो ज्या कारणाने गेला ते गाडीतच राहिलं असेल तर अस्सल मालही तसाच जाईल. जुना टर्बो टाकून दिला नसेल तर समोर घेऊन बसा, तो बरंच सांगतो.

हवेच्या बाजूच्या पंख्याची पाती कडेने झिजून बोथट झाली असतील तर धूळ आत गेली. चिऱ्याच्या खाणीतली लाल माती फार बारीक असते. फिल्टर नवा असून उपयोग नाही, त्याच्या डब्याचं रबर बसलं पाहिजे आणि डब्यापासून टर्बोपर्यंतचा पाइप चिरलेला नको. या पाइपातून हवा आत खेचली जाते, त्यामुळे चीर पडली तरी बाहेर काही फुसफुसत नाही. पात्यांना खाच पडली असेल तर नट, वायसर, चिंधी असं काहीतरी गिळलंय.

दांडा निळा-काळा पडला असेल तर तेल कमी पडलं. हा दांडा मिनिटाला लाखभर फेरे सहज घेतो, तोही बॉल बेअरिंगवर नाही, तेलाच्या पातळ थरावर तरंगत. वरून तेल आणणारा बारीक पाइप आतून जळक्या तेलाने चोंदतो. तो साफ करत बसू नका, नवा घ्या. तो जोडणाऱ्या पोकळ बोल्टचं, म्हणजे बँजो बोल्टचं, भोकही बघा. आणि तेलाच्या तोंडाला सिलिकॉनची पेस्ट लावणाऱ्या मेकॅनिकचा हात धरा. तिचा एक तुकडा आत गेला की संपलं.

तेल गळत असेल तर परतीचा पाइप बघा. तेल तिथून नुसतं उतारावर चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या टाकीत, उतरतं. पाइप दबला किंवा चोंदला, अथवा ब्रीदर (इंजिनच्या आतली वाफ बाहेर सोडणारी वाट) बंद पडून चेंबरमध्ये दाब झाला, तर ते सील ओलांडून पंख्यांकडे येतं. इंजिन चालू ठेवून तेल भरायचं झाकण उघडा. भकाभका वाफ येत असेल तर ब्रीदर साफ करा. तरी थांबली नाही तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात आणि पैसा इंजिनवर घालायचाय, टर्बोवर नव्हे.

नवा टर्बो बसवताना तेल आणि फिल्टर बदला, टर्बोच्या तोंडात स्वच्छ तेल ओता, पंखा हाताने फिरवा, आणि डिझेल बंद ठेवून ऑइलचा दिवा विझेपर्यंत थोडं थोडं सेल्फ मारा. मग चालू करून काही मिनिटं आयडलिंगलाच ठेवा. इंटरकूलर काढून त्यातलं जुनं तेल रिकामं करायला विसरू नका. ते का, हे पुढच्या उत्तरात.

प्रश्न (मालवण): “चावी काढलंय तरी इंजिन बंद होईना!” रेस आपोआप वाढत गेली, पांढरा-निळा धूर झाला. शेवटी बंद पडलं. काय झालं असेल?

इंजिन स्वतःचंच तेल जाळत होतं. टर्बोच्या सीलमधून आलेलं किंवा इंटरकूलरमध्ये साठलेलं तेल हवेबरोबर आत गेलं की ते डिझेलचं काम करतं, आणि चावीचा त्याच्यावर काही अधिकार नसतो. पुन्हा असं झालं आणि गाडी उभी असेल तर वरचा गिअर टाका, ब्रेक पूर्ण दाबून हँडब्रेक ओढा आणि क्लच सोडा. इंजिन गुदमरून थांबतं. बॉनेट उघडून आत डोकावू नका. हवेचं तोंड हाताने तर कधीच झाकू नका. इंजिन फुटलं तर तुकडे उडतात.

आत्ता गाडी चालू करून ‘बघू काय होतंय’ असं करू नका. टो करून न्या.

प्रश्न (चिपळूण): सकाळी पहिल्यांदा चालू करताना निळा धूर येतो, मग दिवसभर नाही. शिवाय होजच्या आत तेलाचा हात लागतो.

धूर बहुधा व्हॉल्व्ह सीलचा आहे. रात्रभर तेल खाली झिरपतं आणि पहिल्या झटक्यात जळतं. होजमधला तेलाचा पातळ हात ब्रीदरमधून येतो, त्याची काळजी नको. थेंब थेंब गोळा होत असेल तर बघा.

प्रश्न (साखरपा): आंबा घाट चढून वर चहाला थांबतो. गाडी लगेच बंद करू नये म्हणतात, ते खरं का? आणि जुना टर्बो दुरुस्त करून चालतो का?

खरं आहे. पूर्ण लोडने चढून लगेच बंद केली तर तापलेल्या दांड्याजवळचं तेल जागच्या जागी जळून कोळसा होतं. एक-दोन मिनिटं आयडलिंगला ठेवा, शेवटचा किलोमीटर सावकाश आणलात तर तेवढंही पुरे.

दुरुस्तीचं म्हणाल तर बीडाची घरं तडकलेली नसतील तर आतली कोअर (दांडा, पंखे आणि बेअरिंग) तेवढी बदलता येते, स्वस्तही पडते. नुसती बेअरिंग किट घालून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा: बॅलन्सिंग मशिनवर लावून देणार का? नाही म्हणाला तर उठा. घेताना दांडा हलवून बघा. बाजूला किंचित हलणं चालतं, तिथे तेलाचा थर बसतो. पुढे-मागे हाताला जाणवेल असा खेळ असेल, किंवा पंखा घराला टेकत असेल, तर तो टर्बो घेऊ नका.