मसाज थेरपिस्टने पुढचा कोर्स कोणता करावा: हालचालींच्या तपासणीचा की नव्या तंत्रांचा?

तुम्ही लिहिलंय की पाच वर्षं मसाजचं काम करताय, क्लायंटना टेबलावरून उठताना बरं वाटतं, पण दोन आठवड्यांत तेच दुखणं घेऊन परत येतात. समोर दोन कोर्स आहेत, एक हालचाली तपासण्याचा आणि एक मायोफॅशियल रिलीजचा (स्नायूंभोवतीचं आवरण, म्हणजे फॅशिया, हाताने ताणून मोकळं करण्याचं तंत्र), आणि सध्या एकच जमणार आहे. तपासणीचा करा. मी नेमकी उलट्या क्रमाने शिकले आणि त्यात माझ्या क्लायंटचा वेळ गेला, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय.

पन्नाशीच्या एक बाई उजवा खांदा दुखतो म्हणून माझ्याकडे यायच्या. मानेच्या मुळापासून खांद्यापर्यंतचा स्नायू हाताला दगडासारखा लागायचा, म्हणून मी तिथेच काम करत राहिले. तोवर मी तीन-चार तंत्रं शिकले होते, ती सगळी वापरून पाहिली. पाच बैठका झाल्या. त्यांना हलकं वाटायचं, पण केस विंचरायला हात वर जात नव्हता तो नव्हताच. त्याच सुमाराला मी तपासणीच्या कोर्सला बसले. दुसऱ्या दिवशी खांदा शिकवला: कोपर अंगाला चिकटवून काटकोनात वाकवायचं आणि मनगट बाहेरच्या बाजूला न्यायचं. आधी क्लायंटने स्वतः, मग आपण धरून. पुढच्या भेटीत मी ते केलं. डावा हात सहज बाहेर गेला. उजवा त्यांनी नेला तरी आणि मी नेला तरी एकाच जागी अडकला. डॉक्टरांकडे पाठवलं, फ्रोझन शोल्डर निघाला, म्हणजे सांध्याचं आवरणच आखडून खांदा जखडला होता. अर्ध्या मिनिटाची ती तपासणी पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती.

यामागचा विचार जुना आहे. जेम्स सिरियॅक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यात तो नीट मांडला. एकच हालचाल तीन प्रकारे पाहायची: माणूस स्वतः करतो तेव्हा किती होते, त्याने अंग सैल सोडून आपण केली तर किती होते, आणि सांधा न हलवता आपण अडवून धरलं नि त्याने जोर लावला तर दुखतं का. स्वतः आणि दुसऱ्याने, दोन्ही वेळा सारखंच अडत असेल तर संशय सांध्याकडे जातो. आपण हलवल्यावर पूर्ण होते, पण त्याला स्वतःला जमत नाही, तर ताकद, वेदना किंवा मज्जातंतू यांचा विचार करायचा. अडवून जोर लावताना दुखलं तर स्नायू किंवा त्याचा टेंडन, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा पट्टा. ही विभागणी काटेकोर नाही, कारण स्नायू आवळला की सांध्यावरही दाब येतोच. तरीही हात कुठे ठेवायचा आणि कुठे ठेवून उपयोग नाही, एवढं ती बऱ्याचदा सांगते. शिवाय हालचाल संपते तिथे हाताला काय लागतं, तेही शिकायचं असतं: ताणलेल्या स्नायूचा लवचिक अडथळा, सांध्याच्या आवरणाचा चिवट अडथळा, की काहीच अडत नसताना माणूसच वेदनेने थांबवतो. व्हिडिओ पाहून हे येत नाही. शेजारी जाणता हात असावा लागतो.

घोट्याचं उदाहरण मला फार आवडतं, कारण त्यात तपासणी आणि हातकाम एकत्र येतं. क्लायंटला भिंतीसमोर उभं करा. टाच जमिनीवर, गुडघा भिंतीला टेकवायचा, आणि पाऊल मागे मागे नेत अंगठा भिंतीपासून किती सेंटीमीटरवर असेपर्यंत गुडघा टेकतो ते मोजायचं. दोन्ही पायांची तुलना करायची, आणि अडतं तेव्हा कुठे जाणवतं ते विचारायचं. मागे पोटरीत ओढ लागत असेल तर तुमच्या हातांना काम आहे. गुडघा वाकलेला असतो म्हणून इथे पोटरीचा आतला स्नायू, सोलियस, जास्त महत्त्वाचा. पण घोट्याच्या पुढच्या बाजूला चिमटा बसल्यासारखं वाटत असेल, तर पोटरी तासभर चोळून फारसं साधणार नाही. काम झाल्यावर पुन्हा मोजा. पुढच्या भेटीत टेबलावर घेण्याआधी परत मोजा. पुढच्या भेटीतल्या त्या आकड्याला मी जास्त किंमत देते, कारण बैठकीनंतर लगेच जवळपास सगळंच सुधारलेलं दिसतं.

तपासणीचे सगळे कोर्स सारखे नसतात, इथे सावध राहा. फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन तुम्ही ऐकलं असेल: 7 हालचाली, प्रत्येकीला 0 ते 3 गुण, एकूण 21. व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल खेळाडूंवरच्या 2007 सालच्या एका अभ्यासानंतर ‘14 किंवा कमी म्हणजे दुखापतीचा धोका’ हे वाक्य सगळीकडे पसरलं. पुढच्या अभ्यासांत हा आकडा व्यक्तीची दुखापत ओळखण्याइतका भरवशाचा ठरला नाही. हालचाली बघायची सवय लागायला ती पद्धत चांगली आहे, भविष्य सांगायला नाही. कोर्समध्ये उभं राहण्याच्या ढबीवरून दुखण्याचं कारण सांगत असतील, तर ते मनावर घेऊ नका. वाकडे खांदे आणि काहीच दुखत नाही, अशी माणसं आपण रोज बघतो.

मायोफॅशियल कोर्सबद्दलही हेच. तंत्र म्हणून ते मला आवडतं, मी आजही वापरते. पण ‘फॅशिया वितळतो, चिकटलेलं सुटतं’ असं शिकवतील तेव्हा लक्षात ठेवा, की 2008 साली गणिती मॉडेलने केलेल्या एका अभ्यासात मांडीच्या बाहेरचा आणि तळपायाचा जाड फॅशिया अगदी थोडा बदलायलाही हाताच्या आवाक्याबाहेरचं बल लागतं असं निघालं. मोकळं वाटतं ते खरंच वाटतं. त्यातला मोठा भाग मज्जासंस्थेने ताण सहन करू देण्याचा आहे. हे समजलं की जोर आपोआप कमी होतो, आणि तुमचे अंगठेही वाचतात.

नंतर तंत्र निवडाल तेव्हा क्लायंटला स्वतः काही करावं लागेल असं निवडा. मसल एनर्जी नावाच्या तंत्रात तो साधारण 20 टक्के जोराने 5 ते 10 सेकंद आपल्या हाताविरुद्ध ढकलतो, मग सैल सोडतो आणि आपण पुढची थोडी जागा घेतो. स्नायू धरून ठेवून त्याला हालचाल करायला लावणंही तसंच उपयोगी. खूप हळवे असतील त्यांच्यासाठी लॉरेन्स जोन्स या अमेरिकन डॉक्टरांची पद्धत शिका: दुखरी जागा सर्वांत कमी दुखेल अशा स्थितीत 90 सेकंद आधार देऊन ठेवायचं. फी भरण्याआधी एकच विचारा: एका ट्रेनरमागे किती टेबलं आहेत, आणि ट्रेनर स्वतः तुमच्या अंगावर तंत्र करून दाखवतो का?

तपासणी आली म्हणजे निदान करायचा अधिकार आला असं नाही. मी क्लायंटला “हात इथे अडतो, दुसरीकडे अडत नाही” एवढंच सांगते, आजाराचं नाव घेत नाही. मांड्यांच्या मधे बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, एकाच पोटरीला सूज आणि ऊब, तापासोबत किंवा कारण नसताना वजन घटण्यासोबत पाठदुखी, यातलं काही दिसलं तर टेबलावर घेऊच नका, लगेच डॉक्टरांकडे पाठवा.

कोर्स सुरू होईपर्यंत थांबायचीही गरज नाही. पुढचा मानदुखीचा क्लायंट आला की झोपवण्याआधी खुर्चीवर बसवा आणि मान दोन्हीकडे वळवायला सांगा. मग मागे उभं राहून त्याच्या दोन्ही कोपरांखाली हात देऊन खांदे थोडे वर उचलून धरा आणि पुन्हा वळवायला सांगा. आता मान जास्त वळली, तर खांद्याच्या पात्यापासून मानेकडे जाणारे स्नायू तिला अडवत असण्याची शक्यता मोठी, तिथे काम करा. काहीच फरक पडला नाही, तर त्या दिवशीचा सगळा वेळ तिथे घालवू नका.