ठाण्यातल्या दुकानातले पुरुषांचे बूट ऑनलाइन विकायचे आहेत. साइट गिऱ्हाइकाला सोपी कशी करावी?

गोखले रोडवरच्या दुकानात गिऱ्हाईक बूट पायात घालून बघतं, साइटवर ते जमत नाही. म्हणून आधी मापाचं बघा. यूकेच्या मापात एका नंबराचा फरक म्हणजे साधारण ८.५ मिमी, युरोपच्या मापात ६.७ मिमी, त्यामुळे नंबर जुळत नाहीत, तक्ता लागतोच. त्यात पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये द्या आणि ती संध्याकाळी मोजायला सांगा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. रुंद पंजा असेल तर काय घ्यावं, तेही लिहा.

फोटोत सोल दाखवाच. पावसात स्टेशनच्या पुलावरून धावणारा माणूस आधी तेच बघणार! संपलेले नंबर फिकट दिसू देत. खातं उघडायची सक्ती नको, यूपीआय हवंच. बदलून देण्याचा नियम मात्र खरेदीच्या बटणाशेजारीच लिहा, तळाशी लपवू नका.