काजूच्या टरफलावर वीज होईल का?

प्रश्न: सर नमस्कार, कुडाळजवळ आमचं छोटं काजू युनिट आहे. टरफलं ढिगाने पडतात आणि पावसाळ्यात लाइट सारखी जाते. ऑस्ट्रियात लाकडाच्या पेलेटवर (भुसा दाबून केलेल्या गोळ्यांवर) घर गरम करून वर वीजही देणारा स्टर्लिंग इंजिनवाला बॉयलर मिळतो असं व्हिडिओत बघितलं, तसलं काही आमच्याकडे चालेल का? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: चालेल, पण वीज किती मिळणार ते आधी बघा. ओकोफेन कंपनीने असे बॉयलर काढले, त्यातलं छोटं इंजिन साधारण 1 किलोवॅट वीज देतं आणि उष्णता दहापटीच्या वर. तिकडे थंडीत घर तापवायचंच असतं, वीज ही वरकमाई.

इंजिन जुनंच, रॉबर्ट स्टर्लिंग या स्कॉटिश पाद्र्याचं पेटंट 1816 चं. आत हवा किंवा हेलियम कोंडलेला, एक टोक बाहेरून तापवायचं, दुसरं पाण्याने गार ठेवायचं, गॅस फुगतो-आकसतो नि पिस्टन हलतो. जाळ बाहेर असल्यामुळे धूर-डांबर सिलिंडरात जातच नाही (गॅसिफायरवर, म्हणजे जळणाचा गॅस करणाऱ्या भट्टीवर, इंजिन चालवणाऱ्यांना विचारा, गॅस साफ करता करता जीव जातो त्यांचा), पण जळणाची राख मग गरम टोकावर बसते, थर चढला की उष्णता आत जात नाही आणि पॉवर उतरते. चांगल्या पेलेटची राख 1 टक्क्याच्या आत असते, तुमच्या टरफलात तर तेल, कच्चं जाळलं तर चिकट काजळी आणि झोंबणारा धूर. निदान तेल काढून उरलेला केक तरी वापरावा लागेल.

आता हिशोब. किलोभर सुक्या इंधनात 4 युनिट उष्णता धरा, वीज 10 टक्के, म्हणजे 0.4 युनिट. रोज 10 युनिटला 25 किलो जळण, आणि सोबत 70 एक युनिट उष्णता निघणार, ती वापरली तरच यात राम आहे. पण गार टोकाकडून पाणी येतं 50-60 डिग्रीचं, काजू वाफवायला लागणारी वाफ त्याने होत नाही, वाफेच्या बॉयलरचं पाणी आधी कोमट करायला फार तर. जास्त गरम पाणी मागितलं की वीज अजून घटते.

आणि लाइट गेल्यावर? ग्रिडला जोडलेला साधा सेट लाइटबरोबर स्वतःही बंद पडतो, बॅटरी वेगळी घ्यावीच लागते. मग मी तर म्हणेन टरफलं त्या वाफेच्या बॉयलरलाच घाला आणि लाइटसाठी नुसता इन्व्हर्टर-बॅटरी बसवा, कोकणच्या पावसात सोलरवरही फार विसंबू नका. तरी स्टर्लिंग घ्यायचंच असेल तर गरम टोक किती तासांनी साफ करावं लागतं, तेही तुमच्याच जळणावर, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या.