थकबाकी गेल्या जन्माची

पत्र

ताई, मी २९ वर्षांचा, जयसिंगपूरजवळ राहतो, बँकेत नोकरी करतो. तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात नरसोबाच्या वाडीला दक्षिणद्वार झालं, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडलं, म्हणून आईला घेऊन स्नानाला गेलो होतो. गर्दीत आईचा पाय सटकला आणि एका माणसाने तिला दंडाला धरून वर घेतलं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि वाटलं, ह्याला मी ओळखतो. कुठून ते आठवेना. तो मिरजेचा, तंबोरे बनवतो, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्यालाही अगदी तसंच वाटलं होतं, हे त्याने पुढे सांगितलं. तेव्हापासून आम्ही एकमेकांचे आहोत. घरी कुणाला माहीत नाही.

गेल्या दिवाळीनंतर तो मला एका बाईंकडे घेऊन गेला. त्या संमोहन करून पूर्वजन्मात नेतात. त्यांच्याकडे निघालं की दीडशे वर्षांपूर्वी आम्ही नवरा-बायको होतो, एका इनामदाराच्या वाड्यात. मी बायको. मी त्याला न सांगता माहेरी निघून गेलो, परत आलोच नाही, आणि तो झुरून गेला. आता काही बिनसलं की तो म्हणतो, "मागच्या वेळी टाकून गेलास, या वेळी फेड." फोन उचलायला उशीर झाला तरी हेच. नोकरी सोडून मिरजेला ये, म्हणतो. त्या बाई म्हणतात, कर्मबंध सुटायला अजून सात बैठका लागतील, ३५ हजार रुपये. त्यातले पहिले १० मी भरले. इकडे आईने स्थळं बघायला घेतली आहेत, परवा कराडची एक मुलगी पाहून झाली.

हे खरं असेल का? खरं असेल तर मला 'नाही' म्हणायचा हक्क आहे का? आणि खोटं असेल, तर आमचं प्रेमही खोटंच का?

– अ.

उत्तर

अ., वयाने तू माझ्या धाकट्या भाच्याएवढा, म्हणून अरेतुरे करते. राग मानू नकोस.

तिसरा प्रश्न तू शेवटी विचारलास, पण पत्र त्याच्यासाठीच लिहिलंस. बाकीचे दोन त्याला सोबत म्हणून पाठवलेस. तेव्हा आधी तोच घेते.

तीन वर्षांपूर्वी वाडीला तुझ्या आईचा पाय सटकला, एका माणसाने तिला सावरलं, तुझी छाती धडधडली. यातलं काय खोटं आहे? पाणी खरं, आई खरी, दंडाला धरणारा हात खरा. त्यानंतर तीन वर्षं तुम्ही भेटत राहिलात, त्याचा हिशोब तुझ्याकडे असेलच. दिवाळीनंतर त्या बाईंनी जी गोष्ट सांगितली ती या सगळ्याच्या नंतर आलेली आहे. घर बांधून झाल्यावर कुणी येऊन सांगावं की याचा पाया आमच्या आजोबांनी घातला, तसं. आजोबांचं खोटं निघालं तरी घर पडत नाही.

पहिल्या भेटीत "ह्याला ओळखतो" असं वाटणं जुनं आहे. कालिदासाने त्याला शब्दच दिला आहे, जननान्तरसौहृद. दुसऱ्या जन्मातली मैत्री. आणि बाणभट्टाची 'कादंबरी' तर अख्खी यावरच उभी आहे. सातव्या शतकातली ही गोष्ट, जिच्यावरून आपण मराठीत 'कादंबरी' हा शब्दच घेतला. तिच्यात चंद्रापीड आणि वैशंपायन हे दोन मित्र आहेत. वैशंपायन गेल्याचं कळताच चंद्रापीडाचं हृदय फुटतं आणि तो जागच्या जागी कोसळतो. प्रेयसी कादंबरी त्याला भेटायला येत असताना! मग शाप, पोपटाचा जन्म, पुन्हा भेट, असं पुष्कळ. (गोष्ट जन्मोजन्मीची, पण बाणाला एक जन्मही पुरला नाही. उरलेली त्याच्या मुलाने पुरी केली.) एवढ्यासाठी सांगते की दोन पुरुषांच्या जिवाची ओढ इतकी मोठी असू शकते की तिला एक आयुष्य कमी पडावं, हे कुणा परदेशातून आलेलं खूळ नाही. आपल्याकडे कुणी का आवडलं याचं कारण सापडेना की लोक गेल्या जन्माकडे बोट दाखवत आले आहेत. कारण मिळालं की वाद मिटतो. तुलाही ते मिटवायचंय. "मला तो आवडतो" एवढंच म्हणायला तुला भीती वाटते. "आमचं पूर्वीचं आहे" म्हटलं की जरा अंगावर पांघरूण आल्यासारखं वाटतं. मला ते समजतं. पण पांघरूण भाड्याचं आहे, आणि भाडं ३५ हजार आहे.

आता त्या बैठकीबद्दल. तुझं पत्र हाताने लिहिलेलं आहे. "मी माहेरी निघून" याच्यापुढे तू आधी 'गेले' लिहिलंस, मग ते खोडून 'गेलो' केलंस. त्या खाडाखोडीपाशी मी बराच वेळ थांबले. गेल्या जन्मातसुद्धा तुमच्यापैकी एकाला बाई व्हावं लागलं! दोन पुरुष एकमेकांवर जीव टाकतात, याला त्या बाईंच्या खुर्चीतही जागा नव्हती. म्हणून एकाला लुगडं नेसवलं, मग गोष्ट रीतीत बसली. अरे, दीडशे वर्षांपूर्वी दोन तालीमबाज गडी एकमेकांचे होते असं का नाही निघालं? आणि वाडा इनामदाराचाच कसा? १८७६ च्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडणारे हजारोंनी होते. त्यांच्यातलं कुणी परत जन्माला येत नाही वाटतं.

संमोहनात माणूस खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. तुझ्या माणसाला तो वाडा दिसला असेल, अगदी ओसरीच्या खांबासकट. पण दिसलं म्हणजे आठवलं, असं होत नाही. कॅनडातल्या निकोलस स्पॅनोस या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केले, ते १९९१ साली प्रसिद्ध झाले. काही लोकांना संमोहनाआधी सांगितलं की पूर्वजन्मात माणूस बरेचदा वेगळ्या लिंगाचा, वेगळ्या मुलखातला असतो. ज्यांना हे सांगितलं त्यांना तसेच जन्म जास्त दिसले. म्हणजे पेरलं ते उगवलं. पुनर्जन्म आहे की नाही, याचा निकाल त्याने लागत नाही, मी तो लावणारही नाही. माझ्या घरात दत्ताची तसबीर आहे आणि मी रोज तिला हार घालते. पण त्या खुर्चीत जे दिसतं ते पुरावा म्हणून चालत नाही, एवढं नक्की.

म्हणून तुझ्या दुसऱ्या प्रश्नाला येते. समज, सगळं खरं आहे. तू बायको होतीस, माहेरी गेलीस, तो झुरला. बरं. तू बँकेत आहेस ना? मग एक सांग, कर्ज घेणारा दीडशे वर्षांपूर्वी वारला, करारपत्र नाही, सही नाही, जामीनदार नाही, रक्कम किती तेही धनकोच ठरवणार, आणि हप्ते कधी संपणार ते कुणालाच ठाऊक नाही. असं प्रकरण तुझ्या टेबलावर आलं तर तू वसुलीची नोटीस काढशील? मग स्वतःवर का काढून घेतोस?

ऋणानुबंध हा आपला किती मऊ शब्द आहे. एसटीत शेजारी बसलेल्या बाईने अर्धी भाकरी दिली की आपण म्हणतो, काहीतरी ऋणानुबंध असणार. त्यात ऋण आहे, पण मागणारा कुणी नाही. दोन्ही बाजूंना वाटतं की आपणच देणं लागतो. तुझ्या माणसाने त्यातून नेमकं ऋण उचललं आणि त्याची थकबाकी केली. आणि ती माहेरी का गेली, हे कुणी विचारलं का रे? बायका उगाच निघून जात नाहीत. कदाचित तेव्हाही तो फोनसारखंच काहीतरी तपासत असेल.

हे कडवट वाटलं असेल. तो वाईट माणूस आहे असं मला तुझ्या पत्रातून दिसत नाही. अनोळखी म्हातारीला आधी सावरलं आणि मग तिच्या मुलाकडे पाहिलं, हा क्रम मला आवडला. मला तो घाबरलेला दिसतो. इकडे मुली पाहणं चालू आहे, हे त्याला माहीत असणारच. तू जाशील, ही त्याची भीती याच जन्मातली आहे आणि साधार आहे. फक्त "तू लग्न करून मला सोडशील का" हे विचारायला त्याला तोंड नाही, म्हणून तो "मागच्या वेळी सोडलंस" म्हणतो. तेव्हा त्याला या वेळचं उत्तर दे. मागच्या वेळचं मागू देऊ नकोस. आणि स्पष्ट सांग: भांडणात गेला जन्म आणायचा नाही, फोनचा हिशोब मागायचा नाही, नोकरी सुटणार नाही. हे ऐकल्यावरही तो थांबला नाही, रडून, धमकावून, "पुढच्या जन्मी बघ" म्हणून तुला वाकवत राहिला, तर प्रेम कितीही जुनं असो, तू उठून यायचंस. याही वेळी माहेरी.

एक माहिती देऊन ठेवते, कारण बहुतेकांना ती नसते. डिसेंबर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाल्यानंतर. त्याच्या अनुसूचीत एक कलम असं आहे: आपल्यात अलौकिक शक्ती आहे, किंवा भक्त गेल्या जन्मी आपली पत्नी, पती वा प्रियकर होता, असं भासवून त्या व्यक्तीशी लैंगिक संबंध ठेवणं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, वर दंड. तुझा माणूस बाबा-बुवा नाही, तेव्हा पोलिसात जा असं मी म्हणत नाही. पण "गेल्या जन्मी तू माझी होतीस" हे वाक्य इतक्यांनी इतक्यांदा वापरलं की ते कायद्यात लिहावं लागलं, हे ध्यानात असू दे. त्या बाईंच्या उरलेल्या बैठका आजच बंद.

कराडच्या मुलीबद्दल मात्र मी तुझ्या बाजूने बोलणार नाही. तिला 'नाही' कळव, या आठवड्यात. कारण काहीही दे, "नोकरीत स्थिर नाही" म्हण. पण होकार देऊन तिला घरात आणशील तर गेल्या जन्माची गरज उरणार नाही; ते ऋण याच जन्मात, सही-शिक्क्यासह, तुझ्या नावावर चढेल. माझ्याकडे अशा बायकांचीही पत्रं येतात. ती वाचवत नाहीत.

आईला सगळं सांगायचंच असं नाही, आणि लगेच तर नाहीच. "मला लग्न करायचं नाही" इथून सुरुवात होते, ते वाक्य दोन-तीन वर्षं चालतं. कुणी डॉक्टरकडे नेऊन "बरं" करायची भाषा केली तर एवढं पुरे: हा आजार नाही, आणि असला "उपचार" करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं आहे. तुमचं नातं गुन्हा नाही, हे ६ सप्टेंबर २०१८ पासून. लग्नाला मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला मान्यता दिली नाही. पण संयुक्त खातं आणि खात्यावर जोडीदाराचं नामनिर्देशन करायला आडकाठी नाही, असा केंद्राचा खुलासा ऑगस्ट २०२४ चा आहे. तू बँकेतला, तुला तो माझ्याआधी कळला असेल. रात्री फारच जड झालं तर सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, १४४१६ वर, मराठीतही बोलता येतं.

तुझी आई वटपौर्णिमेला वडाला दोरा गुंडाळत असेल. मीही ४० वर्षं गुंडाळला. सात जन्म हाच नवरा, वगैरे. पण सावित्रीची मूळ गोष्ट एकदा नीट वाच. सत्यवान वर्षभरात जाणार, हे नारदाने तिला आधीच सांगितलं होतं. तरी तिने त्यालाच वरलं आणि यमाच्या मागे चालत गेली. तिथे तिने पुढचा जन्म मागितलाच नाही. तिला हाच जन्म हवा होता, याच माणसाबरोबर, आणि त्याच्यासाठी ती यमाशी शेवटपर्यंत बोलत राहिली. तुझ्या माणसाशी बोलायला बसशील तेव्हा वाडा, इनामदार, झुरणं हे सगळं बाजूला ठेव आणि त्याला विचार की तुला माझ्याबरोबर या वर्षात काय काय करायचंय.

ते बोलणं मिरजेत त्याच्या कारखान्यात नको, तुझ्या घरी तर नकोच. वाडीलाच जा, पाणी उतरल्यावर, एखाद्या साध्या वारी. घाटावर बसा. येताना कवठाची बर्फी आण, आईसाठी.

आणि त्या १० हजारांची पावती दिली असेल तर जपून ठेव. नसेल, तर आधी ती माग.