रूट कॅनालमध्ये गुट्टा-पर्चा (मुळात भरायचा रबरासारखा पदार्थ) कसाही भर, आधी कॅनालची लांबी बघ
अरे, लॅटरल कंडेन्सेशन (गुट्टा-पर्चाच्या काड्या म्हणजे कोन बाजूला दाबत भरणं), वॉर्म व्हर्टिकल (गरम करून खाली दाबणं) का बायोसिरॅमिक सीलरवाला सिंगल कोन (फटी बुजवणाऱ्या सिमेंटसोबत एकच कोन), रूट कॅनाल भरल्यावर कशानं कमी दुखतं विचारतोयस, पण फरक असला तरी थोडाच, पहिले 24 ते 48 तास ठणकतं आणि मग उतरतं. गरम गुट्टा-पर्चा दाबताना सीलर मुळाच्या टोकाबाहेर गेला की मात्र पेशंटचा रात्री फोन आलाच समज, म्हणून एपेक्स लोकेटरनं (मुळाचं टोक शोधणाऱ्या यंत्रानं) लांबी परत एकदा बघ, कोन बसवून एक्स-रे काढ, कोन ओढताना टोकाला पकड लागली पाहिजे. आधीपासून ठणकत आलेला दात नंतरही जास्त दुखतो, हे तासगावहून एसटीनं आलेल्या आजींना भरायच्या आधीच सांगायचं, नंतर सांगितलं की सबब वाटते (बरोबर आलेली सून तर ऐकूनच घेत नाही). फिलिंग उंच राहिलंय का ते आर्टिक्युलेटिंग पेपरनं (चावल्यावर दातावर खूण उमटवणाऱ्या कागदानं) बघितल्याशिवाय खुर्चीवरनं उठवू नकोस. सूज आली तर लगेच बोलवून घे.